कोंडाणे लेणी, धबधबा आणि आमच्या जाऊबाई

पावसाळा लागला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठल्या ना कुठल्या ट्रेकिंगवाल्यांचं पोस्टर येऊन पडतंच, हिरवागार डोंगर, मधोमध धबधबा, खाली "फक्त ९९९" आणि दोन फोन नंबर. मी ती कधी उघडूनही बघत नाही. पण ह्या खेपेला कोंडाणे लेण्यांचं पोस्टर आलं आणि ते माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हाती लागलं, त्या सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेल्या आणि मॉल बघून बघून कंटाळलेल्या. "कोंढाणा म्हणजे सिंहगड ना गं, तो कर्जतला कधी आला?" मी म्हटलं ताई हे वेगळं, ही बौद्ध लेणी आहेत, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याला, दोन हजार वर्षांहून जुनी आणि पावसात त्यांच्या तोंडावरूनच धबधबा पडतो. झालं, त्यांनी तिथंच ठरवलं.

आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचं म्हणणं एकच, की लोकल आहे, कर्जतहून टमटम आहे, लेणी काही कुणाच्या बापाची नाहीत, मग हजार रुपये कशाचे द्यायचे. वरवर बरोबर आहे. पण भर जुलैत, जंगलातली वाट, मधे ओढे, वर गेल्यावर फोनला रेंजचा पत्ता नाही, आणि ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. ती माणसंही पाणी वाढलं तेव्हा एकमेकांना धरून राहिली आणि तरी गेली. त्यामुळे ज्याला ती वाट आणि ते पाणी माहितीये असा माणूस सोबत पाहिजे यावर मी ठाम होते.

मग फोनाफोनी. आपल्या राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ ला आलं, त्यात असे ट्रेक नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असं आहे, हे मला ऑफिसमधल्या एकाकडून कळलेलं, म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारला. एकजण म्हणाला मॅडम आम्ही इतकी वर्षं करतोय, तुम्ही पहिल्यांदाच विचारताय. दुसऱ्याने तर फोनच ठेवला. तिसऱ्या ग्रुपच्या मुलीने काही न बोलता नोंदणीचा कागद पाठवला आणि वर आम्हालाच उलटे प्रश्न विचारले, वय काय, बीपी आहे का, गोळ्या कुठल्या, गुडघ्याचं काही ऑपरेशन, दम्याचा त्रास, घरी कुणाला फोन करायचा. जाऊबाईंना बीपीची गोळी चालू आहे हे मी लिहिलं तर तिने स्वतः फोन करून त्यांच्याशी बोलून घेतलं, जिने किती चढता, चढताना धाप लागते का. ताई फोन ठेवून म्हणाल्या, "स्थळ बघायला आल्यासारखं विचारलं गं हिने." मला मात्र तिथंच ही मंडळी पटली. पैसे ऑनलाइन भरले. शनिवारची बॅच घेतली मुद्दाम, रविवारी एकतर त्या भागात जत्रा असते आणि वर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक.

सामानाची यादी आली त्यात छत्री आणू नका, जीन्स नको, चपला-सॅंडल नको, तळव्याला चांगली नक्षी असलेले बूट, बॅगेच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात कपडे, असं सगळं होतं. छत्रीवरून घरात वाद झाला. पावसात जायचं आणि छत्री नाही हे ताईंच्या डोक्यातच बसेना, शेवटी त्यांनी फोल्डिंगची घेतलीच आणि ती दिवसभर बॅगेच्या तळाशी कोरडीच्या कोरडी राहिली.

सकाळी अंधारातच ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणं गाठलं आणि तिथून कर्जत लोकल. शनिवारची सकाळ म्हणून बसायला मिळालं. बदलापूरपर्यंत सगळं नेहमीचंच, इमारती आणि निळ्या ताडपत्र्या, पण वांगणी मागे पडली की खिडकीतून एकदम हिरवं दिसायला लागतं, भाताची खाचरं, लावणीला वाकलेल्या बायका, नेरळला माथेरानचा डोंगर ढगात. कर्जतला उतरल्यावर दिवाडकरांचा वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही हा नियम लीडरलोकांनाही मान्य होता. मग तीन टमटममध्ये कोंबून आम्हाला कोंदिवड्याच्या बाजूला नेलं. रस्त्याचं वर्णन करत नाही, ताईंनी एवढंच विचारलं की ह्यात बीपीची गोळी आधी घ्यायची का नंतर.

गावाच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवून बॅगा तपासल्या, दारूच्या बाटल्या काढून घेत होते. आमच्या पुढच्या गाडीतल्या पोरांची बाटली गेली त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आमच्या लीडर मुलीने सगळ्यांच्या नावांची छापील यादी आणलेली, ती दाखवली आणि आम्ही पुढे.

गावात आमच्यात एक मामा सामील झाले. गावातलेच, ठाकर समाजाचे, पायात गमबूट, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं म्हणावं तसं काहीतरी आणि हातात कोयता. ताईंना त्यांनी "या मावशी" म्हटलं, ते ताईंना फारसं रुचलं नाही कारण मामा त्यांच्याच वयाचे असावेत. लीडर मुलीने तेव्हाच सांगितलं की वाट आम्ही दाखवू पण पाण्याच्या बाबतीत मामा म्हणतील ते शेवटचं, त्यात चर्चा नाही.

वाट तासाभराची. पहिला भाग खाचरांच्या बांधावरून, उजवीकडे-डावीकडे सगळीकडे पाण्याचा आवाज, आणि मग जंगलातून चढ. चढ तसा अंगावर येणारा नाही पण लाल चिखल आणि शेवाळलेले दगड, त्यामुळे प्रत्येक पाऊल बघून टाकायचं. मामांनी एकच शिकवलं, ओल्या काळ्या दगडावर पाय टाकायचा नाही, मातीत टाकायचा, बूट खराब झाला तर धुता येतो. वाटेत रानहळदीची फुलं जागोजागी, कुठे कळलावीचा वेल, मधेच मामा खाली वाकले आणि एक मुठा, म्हणजे खेकडा, उचलून दाखवला, केवढा होता. ताईंचं लक्ष सगळं भाज्यांकडे. हा टाकळा ना, ही भारंगी ना, आमच्याकडे ह्याला असं करतात, मामांचं आणि त्यांचं तिथून जे जुळलं ते परतेपर्यंत, मावशी म्हटल्याचा राग कुठल्या कुठे.

मधे एका उघड्यावर दम खायला थांबलो तेव्हा मामांनी खालची नदी दाखवली, ही उल्हास, म्हणाले. मी बघतच राहिले, कारण कल्याणवरून येणारी, मुंब्र्याला रेतीबंदरपाशी लोकलच्या खिडकीतून दिसणारी, ठाण्याजवळ फाटा फुटून एकीकडे घोडबंदरवरून वसईच्या खाडीला आणि दुसरीकडे आमच्या ऐरोलीच्या अंगाने ठाणे खाडीला मिळणारी, ती हीच. इथे ती स्वच्छ आणि उड्या मारत चाललेली. खाली गेल्यावर आपण तिचं काय करतो ते सांगायला नको.

आणि मग झाडी संपून एकदम तो कातळ समोर आला. फोटोत मी बघितलं होतं पण फोटोत आवाज नसतो. वरच्या कड्यावरून पाणी सरळ लेण्यांच्या पुढ्यात पडत होतं आणि त्या पाण्याच्या मागे ती पिंपळपानाच्या आकाराची भलीमोठी कमान. कॉलेजची पोरं आमच्या बॅचमध्ये होती ती मोबाइल काढून तशीच पाण्याकडे सुटली तर लीडर मुलीने शिट्टी मारली. आधी लेणी, मग धबधबा. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. ती म्हणाली एकदा भिजलात की कुडकुडत कोण ऐकतंय माझं, आणि तुम्ही चिखलाचं पाणी घेऊन आत शिरलात तर अजून वाईट.

तिने पुरातत्त्वाचा कोर्स केलेला आहे आणि तिचं बोलणं पाठ केल्यासारखं नव्हतं. आधी तिने आम्हाला चैत्यगृहात नेलं, म्हणजे प्रार्थनेचा हॉल, साठ-पासष्ट फूट तरी आत जातो, शेवटी स्तूप आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. ओळी म्हणायचं एवढंच, कारण बऱ्याच खांबांचा खालचा भाग ओलीने झिजून झडून गेलाय आणि काही ठिकाणी नुसतं वरचं टोक छताला लटकल्यासारखं राहिलंय. ताई म्हणाल्या, "खालचं गेलं तर वरचं पडत कसं नाही?" मलाही तोच प्रश्न. तर उत्तर असं की हे बांधलेलंच नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्यामुळे खांबावर छताचा भारच नाही, छत म्हणजे डोंगरच. खांब कोरले कारण लाकडी सभागृहात खांब असतात म्हणून. कारागिरांच्या डोळ्यासमोर होती लाकडाची इमारत आणि हातात होता काळा बेसाल्ट, तर त्यांनी दगडात लाकूडकाम केलं. बाहेरच्या दर्शनी भागावर बघा म्हणाली, तुळयांची टोकं, जाळ्या, कठडे, सगळं सुताराच्या हातचं वाटतं पण आहे दगड.

मग तिने टॉर्च छतावर मारला. कमानीसारख्या छताला ओळीने खाचा दिसल्या. तिथे पूर्वी खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या होत्या, म्हणजे दगडात लाकडाची नक्कल करून वर परत खरं लाकूडही लावलेलं. इथलं लाकूड गेलं, कमानीच्या तोंडाशी लाकडी पडदी होती तीही गेली, पण लोणावळ्याजवळच्या कार्ले आणि भाजे लेण्यांच्या चैत्यगृहांत तसल्या मूळच्या लाकडी कमानी आजही छताला आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड! ताईंचा काही विश्वास बसला नाही. "आमच्या वाड्याचं सागवान शंभर वर्षांत वाळवीने खाल्लं," त्यांनी लगेच ऐकवलं.

बाहेर आल्यावर डाव्या हाताला एक मोठा फुटका चेहरा आहे, चेहरा तरी कसला, डोक्यावरचं पागोट्यासारखं नक्षीदार काम आणि थोडा भाग शिल्लक. यक्षाची मूर्ती असावी. त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलीय. पाणी उडून उडून दगड काळा पडलाय पण तिने बॅटरी आडवी धरली, समोरून नाही, एका कडेने, आणि अक्षरांच्या सावल्या पडून ती एकदम वर आली. "कण्हस अंतेवासिना बलकेन कतं". कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. बस एवढंच. कुठल्या राजाने दान दिलं वगैरे काही नाही, ज्याने छिन्नी चालवली त्याचं नाव आणि त्याच्या गुरूचं नाव. आपल्याकडे एवढी लेणी, पण कारागिराचं नाव असं फार कमी ठिकाणी सापडतं. आणि त्याच लेण्यात हातभर अंतरावर कुणीतरी बदाम काढून दोन अक्षरं कोरून ठेवलीयत, ते बघून मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वरच्या पट्ट्यांत माणसांच्या जोड्या कोरल्यात, हातात धनुष्य, ढाल घेतलेले पुरुष आणि सोबत बायका, नाचाच्या पवित्र्यात. मान दुखेपर्यंत बघितलं. भिक्खूंच्या जागेत नाचणाऱ्या जोड्या कशाला हे कुणीतरी विचारलं, त्यावर ती म्हणाली येणारे-जाणारे सगळे काही भिक्खू नव्हते.

पलीकडे विहार, म्हणजे राहायची जागा. मधे हॉल, कडेने छोट्या छोट्या खोल्या, एक माणूस जेमतेम झोपेल एवढ्या. आम्ही तिथं टेकलो, बाहेर पाऊस धो धो सुरू झालेला, आणि ताईंनी दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. एवढ्या आडरानात हे लोक राहायचे कशाला आणि खायचे काय? तर भिक्खूंनी एरवी फिरतं राहायचं पण पावसाळ्याचे महिने एका जागी थांबायचं असा नियम, वर्षावास. ही निवाऱ्याची जागा त्यासाठी. आणि आडरान आज आहे, तेव्हा नव्हतं, कल्याण आणि सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, ह्या बंदरांवरून माल बोरघाटाने वर देशावर जायचा, कार्ले, भाजे, बेडसे ही सगळी त्याच घाटवाटेच्या वरच्या अंगाला आणि कोंडाणे खालच्या. व्यापारी यायचे, थांबायचे, दान द्यायचे, जवळच्या वस्तीत भिक्षा मिळायची. मला गंमत ह्याची वाटली की ते लोक बरोब्बर ह्याच महिन्यांत भिजू नये म्हणून इथे येऊन बसायचे आणि आम्ही हजार रुपये भरून भिजायला आलोय.

मग एकदाचा धबधबा. त्याचेही नियम. आठ-आठ जण, हेल्मेट घालून, मुख्य धारेखाली कुणीच नाही, कारण वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि ते आपल्याला दिसायच्या आत डोक्यात बसतात. कडेला जिथे पाणी फुटून फवारा होतो तिथे उभं राहायचं. वरच्या टप्प्यावर चढायचं नाही. ताईंनी आधी मी बाई लांबूनच बघते म्हटलं आणि मग अशा काही रमल्या की पुढची आठ खोळंबली. पाणी गार नव्हतं, गोठवणारं होतं, पहिल्या मिनिटाला श्वासच अडकतो, नंतर काही कळत नाही. दुसऱ्या एका ग्रुपची पोरं कुणाचं न ऐकता वरच्या खडकावर चढून रील काढत होती, त्यांच्यासोबत आलेला माणूस स्वतःच कॅमेरा धरून उभा. नाव घेत नाही.

आमची तिसरी की चौथी तुकडी पाण्यात असताना मामा अचानक उठले. तोवर एका दगडावर बसून तंबाखू मळत होते. ओढ्याकडे बघितलं, लीडरला काहीतरी म्हणाले आणि शिट्टी झाली, सगळे बाहेर, आवरा, निघायचं. ठरलेल्या वेळेला अजून अवकाश होता त्यामुळे कुरकुर झालीच, एकजण म्हणाला पैसे पूर्ण वेळेचे दिलेत. मी मामांना विचारलं काय झालं, तर त्यांनी बोट दाखवलं. ओढ्याचं पाणी मघाशी काचेसारखं होतं, तळाचे दगड दिसत होते, ते आता चहासारखं झालेलं आणि त्यात पाला, काटक्या वाहून येत होत्या. "इथं पाऊस कमी झालाय ताई, पन वर राजमाचीला जोरात चालूय. हे वरचं पानी." आम्ही सगळे आपल्या डोक्यावरच्या पावसाकडे बघत होतो आणि तो तर ओसरलेला.

जाताना जो ओढा आम्ही घोट्यापर्यंतच्या पाण्यातून हसत ओलांडला होता त्याच्यात परत येताना पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि ओढ होती. दोन लीडरनी दोर दोन्हीकडच्या झाडांना बांधला, मामा मधोमध उभे राहिले, एकेकाने दोर दोन्ही हातांनी धरून, तोंड वरच्या बाजूला, पाय न उचलता सरकवत यायचं. बॅगेचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायला लावला, पडलोच तर बॅग टाकता यावी म्हणून. हे मला अजिबात माहीत नव्हतं. मघाशी कुरकुरणारा दादा सगळ्यात गप्प होता. ताई आल्या तेव्हा मामांनी त्यांचा दंड धरला आणि पलीकडे सोडेपर्यंत सोडला नाही. अजून अर्धा तास थांबलो असतो तर पाणी उतरेपर्यंत अलीकडेच बसायला लागलं असतं असं लीडर नंतर म्हणाली, आणि मामा म्हणाले अर्धा तास कशाला, पंधरा मिनटं.

गावात मामांच्याच घरी जेवण होतं, ते ह्या पैशांतच. तांदळाची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, ठेचा, आणि ताईंनी वाटेत चौकशी केली म्हणून टाकळ्याची भाजी, ती घरात झालेलीच होती. ओले कपडे बदलून, पडवीत बसून गरम भाकरी खाल्ली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मामींना भाकरी थापताना बघून ताई आत चुलीपाशी जाऊन बसल्या आणि तासभर बाहेरच आल्या नाहीत. निघताना त्यांच्या बॅगेत वाळवलेली कुठलीशी भाजी आणि घरचे तांदूळ. लीडर मुलीला मी विचारलं की मामांना किती देता, ती म्हणाली जेवणाचे वेगळे आणि वाट दाखवायचे वेगळे, आकडा तिने सांगितला तो मला ठीक वाटला. हे विचारत जा, कारण सगळे देत नाहीत.

कर्जतहून परतीच्या लोकलला बसलो तर चपला-बूट काढून सगळ्यांचे पांढरे पडलेले, सुरकुतलेले पाय. ताई बदलापूरपर्यंत झोपल्या आणि उठल्या त्या त्या लाकडाचा विषय घेऊनच. कार्ल्याचं ते लाकूड खरंच मूळचं आहे का नंतर कुणी बसवलंय, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचंय. अंबरनाथ यायच्या आत त्यांनी पलीकडच्या सीटवरच्या लीडर मुलीकडून दिवाळीनंतरच्या कार्ले-भाजे बॅचमध्ये तीन नावं घालून घेतली, तिसरं आमच्या दिरांचं, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.